लळिंगच्या चढावर तिसरा गिअर

सावदा, १४ नोव्हेंबर १९९३

द्रुपा,

पाकिटावरचं अक्षर ओळखूनही तू हे फाडलं नाहीस, असं धरून चालतो.

आपला हिलाल केळीचा ट्रक घेऊन मालेगावकडे जातो. परवा परत आला तेव्हा त्यानं तुझ्या वहिनीला सांगितलं आणि वहिनीनं मला. म्हणाला, धुळ्याच्या पुढे लळिंगच्या घाटात द्रुपाताई दिसल्या. लाल यामाहावर, पदर कमरेला खोचलेला, पाठीवर शाळेची पिशवी. चेहरा छान वाटला, पण गाडीचा नाही वाटला. चढावर इंजिन खडखडत होतं म्हणे. "ताई तिसऱ्यातच दामटत होत्या."

तेव्हापासून माझ्या डोक्यात तेच आहे. म्हणून लिहितो. दुसरं काही नाही.

चढ समोर दिसला, की गाडी दमायची वाट बघायची नाही. गाडी हरल्यावर गिअर उतरवला तर ती आधी धक्का देते, मग रडते, मग कशीबशी उचलते. पायथ्यालाच, अंगात वेग असतानाच, तिसऱ्यावरून दुसऱ्यावर यायचं. पुढे ट्रक रांगत असेल तर त्याच्या मागे तिसऱ्यात झुरत बसू नकोस. दुसऱ्यात ये, इंजिनला मोकळं बोलू दे. टू-स्ट्रोक गाडी खालच्या सुरात आळशी असते आणि वरच्या सुरात वाघ, हे तुला मी शिकवलं होतं. वळणाच्या पोटात शिरल्यावर तर गिअरला हातच, म्हणजे पायच, लावायचा नाही. जे करायचं ते वळणाच्या आधी.

चिनावलचा रस्ता आठवतो का? सत्याऐंशी साल. गाडी नवीकोरी, अजून सीटवरचा प्लॅस्टिकचा कागदही मी काढला नव्हता. दोन्हीकडे केळी अशी दाटलेली, की गाडीचा आवाज बाहेर जायचा नाही, पानांना लागून आपल्याकडेच परत यायचा. तू सारखी वेगाच्या काट्याकडे बघायचीस. वीस झाले, टाकू का दुसरा? तीस झाले, टाकू का तिसरा? शेवटी मी त्या काट्यावर रुमाल बांधला. म्हटलं, आता ऐक. सूर चढत जातो, चढत जातो आणि एका जागी पोचून ताणला जातो. ताणला गेला की क्लच, आणि पायाचा अंगठा वर. त्याआधी टाकलास तर गाडी गुदमरेल, त्यानंतर टाकलास तर किंचाळेल.

तू म्हणालीस, "भाऊ, मला तर सगळे सूर सारखेच वाटतात." आणि चौथ्या दिवशी मला मागे बसवून असा दुसरा टाकलास, की मला कळलंसुद्धा नाही.

तो आवाज आठवतो, मी हल्ली बराच वेळ तोच आठवत असतो.

इकडे सगळं ठीक. माय ठीक आहे. माझी गाडी गोठ्याशेजारी गोणपाटाखाली झाकून ठेवली आहे, कार्बोरेटरचं काही तरी आहे. ट्रकवाले मात्र फार माजलेत. हॉर्न न देता अगदी अंगावरून जातात.

गेल्या वर्षी, नाना गेल्यानंतर, तू एकच ओळ पाठवली होतीस: 'मला मेलेली समजता, तसंच समजत राहा.' तिचं उत्तर ह्या पत्रात नाही. हे पत्र फक्त गिअरबद्दल आहे.

सुकदेवभाऊ


सावदा, १९ डिसेंबर १९९३

द्रुपा,

तुझं कार्ड मिळालं. पूर्ण कार्डावर दोनच वाक्यं: 'गिअर कधी टाकायचा ते मला कळतं. माणसं कधी टाकतात तेही कळलं.'

मी ते वहिनीला वाचून दाखवलं. ती हसली आणि मग आत निघून गेली. एवढ्या रागातही तुझी भाषा मास्तरणीची आहे, हे बघून मला मात्र बरं वाटलं. पोस्टमन कार्ड देऊन कधी गेला ते मला कळलं नव्हतं, उंबऱ्यावर पडलेलं मायला सापडलं. मायला अक्षर येत नाही, पण तुझं अक्षर येतं. कार्ड पदराखाली धरून तिनं मला खांद्याला हात लावून उठवलं.

राग कर, पण एक गोष्ट तुला कोणी सांगितली नसेल म्हणून सांगतो.

तुला वाटायचं, तू गाडी शिकतेस हे नानांना माहीत नाही. आपण दोघं केवढी काळजी घ्यायचो. दुपारी नाना आडवे झाले, की गाडी बंद ठेवून ढकलत वेशीबाहेर न्यायची आणि मग किक मारायची. तुझ्या चपलेचा अंगठा गिअरच्या दांडीखाली घुसायचा नाही, नख काळंनिळं झालं होतं. म्हणून माझे कॅन्व्हासचे बूट, पुढे चिंध्या कोंबून. पंजाबी ड्रेस आणि खाली भावाचे बूट, काय ध्यान दिसायचीस!

तर एकदा नाना विहिरीवर होते. आपण समोरून गेलो. तू चालवत होतीस, मी मागे. आपल्याला ते दिसले नाहीत, पण त्यांना आपण दिसलो. संध्याकाळी घरी येऊन ते मायला म्हणाले, "पोरगी मस्त चालवते वं. सुकदेवपेक्षा बरी. पन तिले सांगजो नको, नाही तर लाजीन."

दोन वर्षं त्यांनी हे पोटात ठेवलं. मग तू एकोणनव्वदच्या मार्चमध्ये, भरदुपारी, माझीच गाडी घेऊन गेलीस. गोठ्यातून ढकलत नेली नाहीस. अंगणातच किक मारलीस. मी ओट्यावर होतो. मला वाटलं, पाटापर्यंत जाऊन येशील. कान देऊन ऐकत राहिलो, तुझा पहिला, दुसरा, तिसरा. फैजपूरच्या नाक्याला चौथा पडला आणि आवाज बारीक होत गेला. तेव्हा मला समजलं, की तू परत येणार नाहीस. आणि खरं सांगू? तेवढ्यातही मनात आलं, चौथा अगदी वेळेवर टाकला पोरीनं.

दुसऱ्या दिवशी भुसावळ स्टेशनच्या स्टँडवर गाडी मिळाली. स्टँडवाल्याकडे किल्ली आणि निरोप: सावद्याचे सुकदेव झोपे येतील, त्यांनाच द्या. गाडी न्यूट्रलमध्ये, पेट्रोलचा कॉक बंद केलेला. घर सोडून जाणारी मुलगी पेट्रोलचा कॉक बंद करते! मी त्या स्टँडवर उभा राहून वेड्यासारखा हसलो होतो.

गावात लोक नानांना म्हणाले, पोरानं गाडी शिकवली म्हणून पोरगी गेली. नाना म्हणाले, "मी शिकवली असती तर बिरेक बी शिकवला असता." लोकांना तो राग वाटला. लोटन बैसाणेशी तू लग्न केलंस हे त्यांना शेवटपर्यंत गिळता आलं नाही, हे खरं आहे. जात त्यांच्या हाडात होती. पण गाडी वीक म्हणून ते मला एकदाच म्हणाले, पुन्हा कधी म्हणाले नाहीत.

लोटनला माझा नमस्कार. जळगावला एम. जे. कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये तू त्याची ओळख करून दिलीस, तेव्हा तो मला म्हणाला होता, "भाऊ, तुम्हनी बहीण मन्हापेक्षा हुशार शे, हाई मी पयलेच सांगी देस." त्याची ती अहिराणी अजून कानात आहे. कानात म्हणजे, मनात.

सुकदेवभाऊ


सावदा, ६ फेब्रुवारी १९९४

द्रुपा,

तुझं रागाचं पत्र काल आलं आणि त्यातला प्रत्येक शब्द बरोबर आहे. मागच्या पत्रात तू शेजाऱ्यांचा फोन नंबर पाठवलास, रविवारी सकाळी वाट बघीन म्हणालीस. तीन रविवार त्यांच्या पुढच्या खोलीत जाऊन बसलीस. त्या बाईंनी प्रत्येक वेळी चहा केला आणि तिसऱ्या वेळी तुझ्याकडे दयेनं बघितलं. मी एकदाही फोन केला नाही.

मला ऐकू येत नाही.

थोडं कमी येतं असं नाही. काहीच येत नाही. पाच पानांत लिहायचं म्हणून दोन महिने चालढकल केली, आणि बघ, चार शब्दांत संपलं.

आता बाकीचंही सांगतो. ब्याण्णवच्या जूनमध्ये मला खोकला धरला. आधी वाटलं धूळ, मग वाटलं तंबाखू. मग रक्त पडलं. जळगावला तपासलं तर छातीत क्षय निघाला, दोन्ही बाजूंना. तिथेच दवाखान्यात ठेवलं. माय म्हणाली, कोणाले सांगू नको. क्षय म्हटलं की माणसं घरचं पाणी प्यायची बंद होतात, मजूर बागेत पाय ठेवत नाहीत. तेव्हा गावाला सांगितलं, की सुकदेव सुरतेला गेला आहे. तुलाही कळवलं नाही, कारण कळवलं असतं तर तू आली असतीस, आणि नाना दारात उभे होते.

मी दवाखान्यात असतानाच श्रावणात नाना गेले. रात्री जेवले, सकाळी उठले नाहीत. माय भिंतीला टेकून बसली ती बोलेचना. सगळं जीवरामकाकांनी हातात घेतलं. धुळ्याला कळवायचं नाही, हे त्यांनी ठरवलं. दवाखान्यातही कळवायचं नाही, हेही त्यांनीच ठरवलं, कारण डॉक्टरांनी मला धक्का लागू देऊ नका म्हटलं होतं. अग्नी काकांच्या मुलानं दिला. दहावं झाल्यावर वहिनी आली. नाना कसे आहेत विचारलं तर तिनं सुजलेले डोळे खाली वळवले, ते बघूनच मी काय ते समजलो.

तुला वाटतं, भावानं मुद्दाम सांगितलं नाही. द्रुपा, नानांचं तोंड मलाही दिसलं नाही. त्या दिवशी त्यांच्या दोन मुलांपैकी एकही तिथे नव्हतं.

कानांचं असं झालं. छातीसाठी रोज इंजेक्शन द्यायचे. डॉक्टर भला माणूस होता. त्यानं आधीच सांगितलं, की ह्या औषधानं काही जणांचे कान जातात, पण आधी छाती वाचवू. मी म्हटलं, वाचवा. थोड्याच दिवसांत रातकिड्यांसारखी किरकिर सुरू झाली. मला वाटलं दवाखान्याच्या बागेत किडे झालेत. मग माणसांचे आवाज भिंतीपलीकडून येऊ लागले. घरी आलो तेव्हा एका कानात थोडं शिल्लक होतं. दिवाळीपर्यंत तेही गेलं. किरकिरही गेली. शेवटी शेवटी तर मला ती किरकिरच हवीशी वाटत होती.

मी मोठ्यानं बोलतो. किती मोठ्यानं ते मला कळत नाही. एकदा मायनं कानांवर हात ठेवले आणि तिचे ओठ मी वाचले: "काहून वरडतो रे? मी काय बहिरी हाये?" बोलून झाल्यावर ती काय बोलली ते तिच्या लक्षात आलं. मग ती चुलीकडे तोंड करून बसली.

गाडीच्या कार्बोरेटरला काही झालेलं नाही. मला चालवता येत नाही, एवढंच. घरी आल्यावर एकदा बाहेर काढली होती. किक मारली, पायाला धक्का लागला, पण गाडी सुरू झाली की नाही हेच कळेना. सुरू असलेल्या गाडीला मी पुन्हा किक मारत होतो. समोरच्या ओट्यावर चार माणसं बसली होती, ती हसली. मी पहिल्या गिअरमध्ये पाटापर्यंत गेलो. दुसरा कधी टाकायचा, हे मला समजेना. मला, द्रुपा! टाकला तर गाडीनं हिसका देऊन मान टाकली. बंद गाडी ढकलत घरी आणली आणि वर गोणपाट टाकलं.

आता तुला सगळं ठाऊक झालं. दया करू नकोस. शेजारच्या बाईंनी जेवढी केली तेवढी पुरे.

सुकदेव


सावदा, १३ मार्च १९९४

द्रुपा,

तुझी सात पानं माझ्या उशाशी आहेत. काय काय लिहिलंयस ते इथे पुन्हा लिहीत नाही. नानांवरची दोन पानं मी मायला वाचून दाखवली. माझा आवाज नक्की फुटला असणार, कारण माय माझ्याकडे न बघता माझी पाठ थोपटत होती.

शेवटी तू एक ओळ टाकली आहेस. 'काटा झाकून ऐकायला शिकवलंस, आता कान झाकून चालवायला शीक. तुला शिकवणारं कोणी नसेल तर मी येऊ का?'

तू येऊ नकोस. म्हणजे ये, पण त्यासाठी नको. मी शिकतो आहे.

तुझं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी गोणपाट काढलं. प्लग साफ केला, जुनं पेट्रोल काढून टाकलं. वहिनीला म्हटलं, गाडी सुरू झाली की हात वर कर. तिनं हात वर केला, तसाच ठेवला, आणि मी दोन्ही तळवे टाकीवर ठेवून उभा राहिलो. किती वेळ उभा होतो कोण जाणे. टाकीत बारीक थरथर असते, तापलेल्या जनावराच्या पोटासारखी. मूठ थोडी पिळली, की ती थरथर दाट होते. इतकी वर्षं गाडी चालवली आणि हे कधी जाणवलंच नव्हतं, कारण कान सगळं काम करून टाकायचे.

पण नुसत्या थरथरीनं भागेना. पहिल्याची आणि दुसऱ्याची मला सारखीच वाटायची. चार दिवस गाडी गुदमरवली. वहिनी ओट्यावरून बघायची आणि तोंडाला पदर लावायची. पाचव्या दिवशी पाटाच्या रस्त्यावर, पहिल्या गिअरमध्ये, मागून कोणी येतं का म्हणून आरशात बघितलं. ऐकू येत नाही तर आता आरशातच बघावं लागतं. आरशात मागचा रस्ता, केळी, आभाळ, सगळं स्वच्छ. मूठ पिळली. चित्र हलायला लागलं. आणखी पिळली, तशी केळीची पानं एकमेकांत मिसळली, रस्त्याची कड पुसली गेली, आणि एका क्षणी आरशात नुसता हिरवा रंग उरला. मी क्लच दाबला आणि दुसरा टाकला. कसलाही हिसका नाही! चित्र पुन्हा स्वच्छ झालं. मग पुन्हा हलायला लागलं, पुन्हा हिरवं झालं, आणि तिसरा.

पाटावरच्या मोरीवर थांबलो आणि एकटाच ओरडलो. काय ओरडलो माहीत नाही. पलीकडच्या बागेत पाणी देणारा भिका फावडं टाकून पळत आला, त्याला वाटलं साप चावला.

आता वहिनीला मागे बसवून रावेरपर्यंत जाऊन येतो. कोणी मागून हॉर्न दिला की ती माझ्या डाव्या कुशीत बोट खुपसते. आधी हळू खुपसायची, आता चांगलं जोरात खुपसते. जुने हिशेब चुकते करते असं वाटतं.

धुळ्याला येतोय. एकटा जातो म्हटलं तर वहिनी म्हणाली, आणि हे तिनं पाटीवर लिहिलं, म्हणजे किती ठाम ते बघ: 'एकटे निघालात तर मी टाकीवर बसते.' तेव्हा दोघं येऊ. तारीख सांगत नाही. कुठे तरी गाडी बंद पडली तर तू उगाच दारात उभी राहशील.

सुकदेवभाऊ


सावदा, १७ एप्रिल १९९४

द्रुपा,

सुखरूप पोचलो. तुझ्याकडे दोन दिवस राहून बोललो खूप, ऐकलं काहीच नाही. त्यामुळे माझ्या बाजूनं काय झालं ते लिहितो.

भुसावळच्या पुलावर तापीचा वारा लागला, तेव्हा वहिनीनं माझा शर्ट दोन्ही हातांनी धरला. जळगावपर्यंत ट्रकच ट्रक. एरंडोलला रसवंतीवर थांबलो. वहिनी पद्मालयाच्या गणपतीच्या दिशेला हात जोडून बराच वेळ उभी होती. काय मागितलं विचारलं तर म्हणाली, परतीचा प्रवास. पारोळ्याच्या पुढे रस्ता उघडा पडला. झाडं नाहीत, ऊन असं, की आरशात हिरवा रंगच नव्हता. मला वाटलं आता गिअर चुकणार. पण पिवळा रंगही तसाच पुसला जातो.

तुझ्या दारात आलो. तू दार उघडलंस. मला ओठ अजून नीट वाचता येत नाहीत, पण 'भाऊ' म्हणताना ओठ आधी मिटतात आणि मग गोल उघडतात. तेवढं मला आलं. पाच वर्षांनी आलं.

लोटननं फार शहाणपणा केला. माझ्याकडे बघून तोंड मोठं करून, हातवारे करून तो बोलला नाही. पोरांच्या जुन्या उत्तरपत्रिकांची पाठकोरी पानं घेऊन बसला आणि अहिराणीत लिहायला लागला. 'भाऊ, पयले जेवाले बठा, मंग बठ्ठं बोलूत.' मी ते वाचलं आणि मला त्याचा आवाज आला. खरंच आला.

आणि लळिंगचा चढ. तू मला मागे बसवलंस आणि घाट दाखवायला नेलंस. मी तुझ्या खांद्यावरून आरशात बघत होतो. गाडी दमली तसं पुसलेलं चित्र स्वच्छ व्हायला लागलं, मी मनात म्हटलं, आता उतरव. तू उतरवला नाहीस. आणखी थोडं थांबलीस, वळण संपू दिलंस, आणि मग दुसऱ्यावर आलीस. गाडी तिथून अशी उचलली, की मला मागची कडी धरावी लागली. माझ्या हिशेबानं तू उशीर केला होतास. पण तुझा रस्ता आहे, रोज तू जातेस, तुझ्या गाडीला आणि त्या घाटाला काय चालतं ते तुला ठाऊक. हिलालला सांगितलं, त्याचं ऐकून मी तुला उगाच पानभर सल्ला दिला.

आता महत्त्वाचं. घरी आलो तेव्हा माय पडवीत शेवया वळत होती. मी समोर बसलो आणि म्हटलं, द्रुपा आखाजीच्या सणाला माहेरी यायला तयार आहे, पण एकटी येणार नाही. माय खाली बघून वळत राहिली. मग तिनं जीवरामकाकांच्या घराकडे मानेनं खूण केली. मला कळलं. काकांनी आधीच निरोप दिला होता, की बैसाणे ह्या ओट्यावर बसला तर मी ह्या घरचं पाणी पिणार नाही. नानांमागे सगळे व्यवहार काकांनीच बघितले, मी आजारी असताना बाग त्यांनीच राखली. माय त्यांना कधी उलट बोललेली नाही.

दोन दिवस मायनं शेवयाच वळल्या. आज सकाळी माझ्यासमोर कागद आणि पेन ठेवलं आणि बोट आपटून लिही म्हणाली. मला ओठ कळेनात, म्हणून वहिनीनं पाटीवर लिहून दाखवलं. मायचे शब्द जसेच्या तसे: "येजो. त्याले बी घिऊन येजो. मी अजून जित्ती हाये."

निमगाछाच्या फांदीला आखाजीचा झोका बांधायला तिनं दोर काढला आहे.

सुकदेवभाऊ


सावदा, १५ मे १९९४

द्रुपा,

तुम्ही दोघं काल गाडीवरून गेलात. फैजपूरच्या नाक्यापर्यंत तुम्ही दिसत होतात, तोवर मी बघत होतो. आज घर फार मोठं वाटतंय. झोका अजून सोडला नाही, माय म्हणते राहू दे.

मला तुझ्याकडून एक काम हवंय.

आखाजीच्या दुपारी जेवणं झाली. लोटन ओट्यावर बसला होता, तू त्याच्या शेजारी, माय दारात. मी अंगणात गाडी पुसत होतो. जीवरामकाका आले. पांढरी टोपी, हातात काठी. त्यांनी लोटनला बघितलं, आणि पायरीशीच थांबून वळले. ते अंगणाच्या निम्म्यात गेले तेव्हा माय उठली. दारातून ओट्यावर आली आणि काही तरी बोलली. एकच वाक्य असेल. फार तर दोन. तिचा चेहरा रागावलेला नव्हता, हे मी बघितलं. हातही हलवला नाही.

काका तिथेच उभे राहिले. पाठमोरे, बराच वेळ. त्यांचा खांदा जरा खाली आला. मग ते परत फिरले, चपला पायरीशी काढल्या, आणि लोटनपासून हातभर अंतरावर बसले. वहिनी आतून पाण्याचा तांब्या घेऊन आली. त्यांनी तो घेतला. आधी हातात धरून बसले, मग प्यायले.

हे मी सगळं बघितलं, द्रुपा. चिंधी हातात घेऊन मी गाडीजवळ उभा होतो आणि माझ्या घरातली सगळ्यात मोठी गोष्ट माझ्यासमोर घडत होती, मला त्यातलं अक्षरही ऐकू आलं नाही.

संध्याकाळी मायला विचारलं, काकांना काय म्हणालीस? तिनं हात झटकला. "काही नई रे. असंच." काका आले तेव्हा वहिनी आत चुलीशी होती, तिनं ऐकलं नव्हतं. लोटनला विचारायचा धीर झाला नाही. काकांना तर विचारता येणारच नाही.

आणि काका गेल्यावर तू आणि माय झोक्यावर बसलात. दोघी एका झोक्यावर, ह्या वयात! दिवस मावळेपर्यंत बोलत होतात. मध्येच माय हसायला लागली. पोटावर हात ठेवून, डोकं मागे टाकून हसली. नाना गेल्यापासून मी तिला तशी हसताना बघितली नव्हती. मग तुम्ही दोघींनी डोळे पुसले आणि पुन्हा हसलात.

तेही लिही. शाळेला सुटी आहे, वेळ काढ, कितीही पानं होऊ देत. काकांना ती काय म्हणाली, झोक्यावर काय बोलली, कशावर हसली, सगळं. शाळेच्या मराठीत नको, तिच्या बोलीत, ती बोलली तसंच लिही.

आवाज माझ्याजवळ आहे. तू शब्द तेवढे पाठव.

तुझा
सुकदेवभाऊ